अकरा सेकंद उलटे

मित्रांनो, सुरुवातीला थोडी शांतता आहे. घाबरू नका, मशीन चालू आहे. प्रत्येक टेपच्या तोंडाशी दोन हात लांब पांढरी कोरी पट्टी जोडलेली असते. तिच्यावर काहीच वाजत नाही. ती सरकेपर्यंत ऐकणाऱ्याने खुर्ची पुढे ओढावी, खोकून घ्यावं.

झालं खोकून? मग ऐका.

मी एक जुनी टेप आहे. पाव इंच रुंद, तपकिरी, पत्र्याच्या मोठ्या चकतीवर गुंडाळलेली. माझ्या एका अंगाला लोखंडाच्या गंजाची बारीक पूड चिकटवलेली आहे आणि आवाज त्या पुडीत राहतो. म्हणजे खरं तर मी नुसता गंज आहे, पण गाणारा. एके काळी लाखो लोकांनी तो गंज डोळे मिटून ऐकला.

दोन गोष्टी आधीच सांगते. एक, मी अखंड नाही. ब्लेडने कापून जोडलेली आहे, त्यामुळे माझी कहाणीही तुकड्यातुकड्यांनी येईल. दुसरी, आम्हा टेपांना शेवट बाहेर आणि सुरुवात पोटात अशा गुंडाळून ठेवतात. वर्षानुवर्षं अशी झोपले की मला काही गोष्टी मागून पुढे आठवतात. सांभाळून घ्या.

तुकडा १ →

मी स्टुडिओत आले तेव्हा तिथे चार जणांचा एक बँड होता. त्यांना एक अल्बम करायचा होता. अल्बमचं नाव होतं 'बुडालेल्या घड्याळाचा प्रवास', आणि त्याच्या पहिल्या अख्ख्या बाजूवर एकच गाणं होतं. बावीस मिनिटांचं. घड्याळ बुडायलाच त्यातली नऊ मिनिटं लागत.

गाणं रचलं होतं ऑर्गन वाजवणाऱ्याने. सगळ्यांचे ताल-सूर तो तपासून द्यायचा, म्हणून त्याला मास्तर म्हणत. ड्रम वाजवणारा मास्तरचा शाळेपासूनचा मित्र. पुढे त्याने मास्तरच्या बहिणीशी लग्न केलं, तेव्हापासून मास्तर त्याला निम्म्या थट्टेने 'दाजी' म्हणू लागला आणि मग सगळेच म्हणू लागले. गिटारवाला आणि बासवाला हेही होते. पण ते कुणाशी भांडले नाहीत, त्यामुळे या गोष्टीत त्यांना फारसं काम नाही.

बावीस मिनिटं एका दमात वाजवणं कुणालाच जमेना. मास्तरने ताल अकरा मात्रांचा बांधला होता आणि दाजी आठव्या मिनिटाला हमखास बाराव्या मात्रेवर जाऊन बसायचा.

"अकरा म्हणजे अकरा," मास्तर ओरडायचा. "बारावी कुठून आणलीस?"

"श्वास घेतला रे! माणूस आहे मी. आणि एवढं लांब वाजवायचं म्हणजे जेवायचं कधी?"

"कलाकार जेवत नसतो."

"हे तुझ्या बहिणीला सांग. डबा तिने दोघांचा दिलाय."

शेवटी ठरलं की गाणं तुकड्यातुकड्यांत वाजवायचं आणि नंतर जोडायचं. जोडायचं काम आलं ताईकडे.

तुकडा २ →

ताई तेव्हा चोवीस वर्षांची होती. स्टुडिओतली सगळ्यात धाकटी, आणि कान सगळ्यांत तिखट. तिच्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक ठोकळी होती, तिच्यावर बोटभर लांब खाच. त्या खाचेत मला निजवायची, ब्लेड तिरकं धरायची आणि श्वास रोखून कापायची. दुखायचं का म्हणाल, तर नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटायचं. मानेशी धारदार पातं, पण माणूस भरवशाचा.

असे माझे त्रेचाळीस तुकडे झाले. लांब तुकडे छोट्या चकत्यांवर गेले, आखूड तुकडे वेटोळी करून भिंतीवरच्या खिळ्यांना. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर ताई पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने नंबर घालायची आणि एक बाण काढायची. बाण म्हणजे तोंड इकडे, शेपूट तिकडे. आम्हा टेपांना तोंड आणि शेपूट यांत दिसायला काही फरक नाही. तुम्हा माणसांत तो असतो असं ऐकून आहे.

← तुकडा ३

(हा तुकडा उलटा जोडला गेलाय. छोटा आहे, तसाच ऐका.)

रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचा माणूस मला काखेत घेऊन पाठमोरा जिना चढतो. मला ताईच्या हातात देतो. खोलीतले सगळे उच्चारलेलं 'अप्रतिम' परत गिळतात. कंपनीचा माणूस खुर्चीवरून उठतो आणि मागे मागे चालत दाराबाहेर जातो. ताई भराभर जोड उकलत जाते. सुटे झालेले तुकडे ती जमिनीवर व्यवस्थित विस्कटून ठेवते. मग ते तुकडे आपणहून उठतात, हवेत गिरक्या घेतात आणि शहाण्या मुलांसारखे आपापल्या खिळ्याला जाऊन लटकतात. पंख्याची पाती मंदावतात, थांबतात. दाजी बटणावरून बोट काढतो. त्याच्या कपाळावरचा वाळलेला घाम पुन्हा ओला होतो.

किती छान झालं असतं नाही, असंच घडलं असतं तर?

तुकडा ३ →

सरळ घडलं ते असं. शेवटचा दिवस, रणरणती दुपार. सत्तावीस नंबरचा तुकडा तेवढा राहिला होता. त्यात फक्त मास्तरचा ऑर्गन, अगदी हळू, आणि दाजीची झांज, तीही ब्रशने, जेमतेम ऐकू येईल इतकी. वाजवताना पंखा लावायचा नाही असा स्टुडिओचा नियम होता, कारण माईक पंख्याची घरघरही पकडतो. चौघांचे सदरे अंगाला चिकटले होते.

तुकडा झाला. दाजी धावतच बाहेर गेला आणि टेबलावरचा पंखा उचलून ताईच्या खोलीत घेऊन आला. मागून मास्तर आणि बाकीचे दोघे आले. ताईने सत्तावीस नंबर नुकताच कापून खिळ्याला टांगला होता. त्याच्या शेवटी दोघांचं थोडं बोलणंही रेकॉर्ड झालं होतं, तेवढं छाटायचं बाकी होतं.

"हाच का तो? फार नाजूक आहे गं," असं म्हणत दाजीने घामेजल्या हाताने तुकडा उचलून पाहिला. बाण पुसला गेला. तिथे राहिला एक पिवळा डाग.

"दाजी, हात!" ताई म्हणाली.

"सॉरी, सॉरी. काही नाही झालं. थांब, तुला जरा वारा देतो."

आणि त्याने पंखा लावला.

भिंतीवरचे सगळे तुकडे एकदम उडाले. एक गिटारवाल्याच्या डोक्यावर बसला. एक चहाच्या कपात गेला. ताई किंचाळली, दाजीने घाबरून पंखा बंद करायच्या नादात जोरात केला, आणि नेमका तेव्हाच खाली कंपनीच्या माणसाच्या गाडीचा हॉर्न वाजला. रेकॉर्डच्या छपाईसाठी मला त्याच दुपारी न्यायचं होतं.

ताईने गुडघ्यांवर बसून तुकडे गोळा केले आणि भराभर जोडले. बेचाळीस तुकड्यांना बाण होते. सत्तावीस नंबरला डाग होता. बोलणं छाटायला वेळ नव्हता, ऐकून बघायलाही नव्हता. दोन टोकांपैकी एक निवडायचं होतं. तिने निवडलं.

सगळ्यांनी मला पहिल्यांदा एकत्रच ऐकलं. तेराव्या मिनिटाला सत्तावीस नंबर आला आणि अकरा सेकंद गाणं मागे चालू लागलं. आधी दूरवरून कुणीतरी काहीतरी आत ओढून घेतल्यासारखा आवाज, मग ऑर्गनचा सूर शून्यातून फुगत येणारा, आणि झांज स्वतःला गिळत जाणारी.

ताईचा चेहरा पांढरा पडला. तिने तोंड उघडलं. पण कंपनीच्या माणसाने आधी विचारलं, "हे काय आहे?"

आता मास्तरने आयुष्यात कधीही 'मला माहीत नाही' असं म्हटलेलं नव्हतं. त्याला वाटलं, दाजीने ताईला हाताशी धरून गुपचूप केलेला हा प्रकार आहे आणि आपल्याला तो समजला नाही असं दिसता कामा नये. तो म्हणाला, "मुद्दाम आहे ते."

दाजीला वाटलं, हे मास्तरचंच काम. आपण मागे राहायचं नाही. तो म्हणाला, "अगदी मुद्दाम."

ताईने तोंड मिटलं.

"अप्रतिम," कंपनीचा माणूस म्हणाला.

"अप्रतिम," चौघेही म्हणाले.

तुकडा ४ →

मित्रांनो, पुढची तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. माझ्यावरून रेकॉर्डी छापल्या गेल्या आणि त्या घराघरांत गेल्या. पण लोक बावीस मिनिटांबद्दल कमी बोलायचे आणि माझ्या त्या अकरा सेकंदांबद्दल जास्त.

कुणी म्हणालं, ही काळाची माघार. कुणी म्हणालं, बाळाला पोटात असंच ऐकू येतं. एका प्राध्यापकाने तीनशे चाळीस पानांचं पुस्तक लिहिलं, म्हणजे सेकंदाला जवळपास एकतीस पानं. दात काढताना रोग्याला शांत ठेवायला एक दंतवैद्य तेवढाच भाग वाजवायचा. रोगी शांत व्हायचे की सुन्न, ते कळलं नाही. 'अकरा सेकंदवाले' नावाचं मंडळ निघालं. ते लोक भेटल्यावर आधी निरोप घ्यायचे.

कार्यक्रमांत तो भाग रंगमंचावर वाजवा असा आग्रह सुरू झाला. मग चौघांनी उलटं वाजवायची तालीम केली. दाजी म्हणाला, "सरळ अकरा मोजताना मी बारा मोजतो. उलटं मोजताना कुठे जाईन कोण जाणे."

हळूहळू एक गंमत झाली. मास्तर मुलाखतींत सांगू लागला, "तो भाग मला स्वप्नात ऐकू आला." दाजी सांगू लागला, "मी रीळ बोटाने उलटं फिरवून दाखवलं होतं, तिथून सुचलं." इतक्या वेळा सांगितलं की दोघांना ते खरंच आठवायला लागलं.

तुकडा ५ →

तिसऱ्या वर्षी मोठं बक्षीस मिळालं. निवेदिकेने विचारलं, "त्या अकरा सेकंदांची कल्पना नेमकी कुणाची?"

माईक एक होता. हात दोन पडले.

"माझी," मास्तर म्हणाला.

"याची?" दाजी म्हणाला. "याला बाराव्या मात्रेचं सुचत नाही, उलट्याचं काय सुचणार?"

"बारावी मात्रा नसतेच, मूर्खा!"

झटापटीत माईक खाली पडला. त्याचा जो आवाज झाला तो बँडचा शेवटचा आवाज. दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. मेव्हणे-मेव्हणे असल्याने भेटणं मात्र टाकता येईना. घरच्या प्रत्येक कार्याला दोघे पाठीला पाठ लावून बसायचे आणि मध्ये बहीण. अडतीस वर्षं ती बिचारी टेलिफोन एक्स्चेंज झाली होती. "याला सांग, मीठ दे." "त्याला सांग, त्याला रक्तदाब आहे." असं.

तुकडा ६ →

(इथे काही वाजत नाही. जिन्याखालचं कपाट, रंगाचे डबे, वरून गळणारा नळ. कुणीतरी माझ्या खोक्यावर 'कारखान्याचे भोंगे, नमुने' अशी चुकीची चिठ्ठी लावली. तिच्यामुळेच मला कुणी हात लावला नाही.)

फक्त ताई यायची. वर्षातून एकदा कपाट उघडायची, खोक्यावर हात ठेवायची आणि बोलायची. आधी नोकरी जाईल म्हणून गप्प राहिले, म्हणायची. मग सगळे इतकं कौतुक करायला लागले. मग भांडण झालं. आता सांगावं तर दोघेही खोटे ठरतील. एकदा ती दाजीच्या दारापर्यंत गेलीही होती. बहीण म्हणाली, "आज त्या दोघांचा विषय सोडून काहीही बोल." ती हवापाण्याबद्दल बोलून परत आली.

आणि चुकीपेक्षा एक दुसरीच गोष्ट तिला खात होती. त्या तुकड्याच्या शेवटी जे बोलणं होतं, ते हेडफोनमधून फक्त तिने ऐकलं होतं.

तुकडा ७ →

मग एक दिवस कपाट उघडलं आणि एक अनोळखी तरुण बाई माझ्याकडे बघत होती. ती ताईची भाची. कंपनीत आवाजाचंच काम करायची. माझी नवी, स्वच्छ आवृत्ती काढायचं ठरलं होतं आणि मावशीनेच तिला सांगितलं होतं, की भोंग्यांच्या खोक्यात बघ.

माझी अवस्था वाईट होती. दमटपणाने मी चिकट झाले होते. तसंच मशीनवर लावलं असतं तर पूड निघून गेली असती आणि तिच्याबरोबर संगीत. यावर उपाय काय, माहीत आहे? भाजणं! भाचीने मला फळं वाळवायच्या यंत्रात ठेवलं आणि आठ तास मंद आचेवर वाळवलं. यंत्रात आधीच्या सफरचंदांचा वास होता. या वयात अंगाला सफरचंदाचा वास येणं बरं वाटलं.

भाजून निघाल्यावर तिने मला मशीनवर लावलं. पहिली बारा मिनिटं ठीक. तेराव्या मिनिटाला सत्तावीस नंबरचे दोन्ही जोड सुटले, कारण जोडाच्या चिकटपट्टीचा डिंक पार वाळला होता. नऊ हात लांब तुकडा तिच्या मांडीवर पडला. तिने तो भिंगाखाली, तिरक्या उजेडात धरला. पिवळा रंग पुसला गेला होता, पण पेन्सिलीचा दाब राहिला होता.

तिने फोन लावला. "मावशी, सत्तावीसचे जोड सुटले गं."

"सुटू देत. डिंकच तो."

"आणि त्याच्यावर बाण आहे. आपण आजवर ऐकतोय त्याच्या बरोबर उलटा."

पलीकडे हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज.

"मावशी? आहेस ना?"

"आहे. थांब, आधी बसते." मग खुर्ची सरकल्याचा आवाज. "एक्केचाळीस वर्षं या फोनची वाट बघतेय. त्या दोघांना बोलावून घे. दोघांनाही. आणि बहिणीला मध्ये बसव."

तुकडा २७ →

आले. आता दोघांची सत्तरी आली, त्यांना अहो-जाहो करायला हवं. मास्तरांच्या कानात यंत्र होतं आणि ते मधूनच शीळ घालत होतं. दाजींच्या गुडघ्याचं काहीतरी झालं होतं.

"याला सांग, शिट्टी बंद कर," दाजी म्हणाले.

"त्याला सांग, ही शिट्टी नाही, हा वरचा षड्ज आहे," मास्तर म्हणाले.

ताई उभी राहिली. पासष्ट वर्षांची बाई, पण त्या दुपारसारखीच भराभर बोलून गेली. "तो उलटा भाग तुमच्यापैकी कुणाचीच कल्पना नव्हती. तुकडे उडाले, बाण पुसला होता, मी चुकून उलटा जोडला. भांडण माझ्या चुकीवरून झालं आणि मी गप्प बसले."

"चूक?" दाजी म्हणाले.

"शक्य नाही," मास्तर म्हणाले. "मला स्वप्नात स्पष्ट—"

"तू झोपेत फक्त दात खातोस," बहीण म्हणाली. "लहानपणापासून ऐकतेय मी."

"आणि दाजी," ताई म्हणाली, "तुम्ही पंखा आणायला गेलात ना, त्यानंतरचं तुम्ही ऐकलेलं नाही. ऐका."

भाचीने मला मशीनवर लावलं. फक्त तो तुकडा. सरळ.

आधी ऑर्गन, शेवटच्या सुरावर विरत जाणारा. झांजेची बारीक सळसळ. आणि मग एक तरुण आवाज, धापा टाकणारा: "झालं ना? पंखा आणू का रे? जीव चाललाय उकाड्याने."

दुसरा तरुण आवाज: "आण, आण."

धावती पावलं. दार. क्षणभर काही नाही. मग तोच दुसरा आवाज, अगदी हळू, स्वतःशीच: "काय वाजवतो हा माणूस."

बस. एवढंच. जगभर घराघरांत एक्केचाळीस वर्षं डोळे मिटून लोक जे ऐकत होते, ते हे. तीनशे चाळीस पानं यावर लिहिली गेली होती.

मास्तरांच्या कानातलं यंत्रही गप्प बसलं.

"परत लाव," दाजी म्हणाले.

भाचीने लावलं.

"परत."

"काका, टेप जुनी आहे हो."

"मीही जुना आहे. लाव."

तिसऱ्यांदा ऐकल्यावर दाजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मास्तर भिंतीकडे बघत म्हणाले, "मला त्या दिवशी सर्दी होती. तो माझा आवाज असेलच असं नाही."

"तुझाच आहे," दाजी म्हणाले.

बहिणीने चमकून मान वळवली. "माझ्याशी बोललास की त्याच्याशी?"

दाजी तिच्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तोंडावर एकदा म्हणाला असतास तर काय जीभ झडली असती का? हिरवा पंखा उचलून मी तुझ्यासाठी धावत आलो होतो."

"निळा," मास्तर म्हणाले.

"हिरवा. एवढा जड होता, मला रंग माहीत नसेल?"

"निळा होता. आणि माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी आणलास. वारा सगळा तुझ्याकडे येत होता."

"माझ्याकडे? तुझे केस उडत होते! तेव्हा होते म्हणून सांगतो!"

बहीण उठली. "माझं काम संपलं," म्हणाली, आणि ताईला हाताला धरून चहा प्यायला घेऊन गेली. दारात ताई एकदा मागे वळली. हसत होती की रडत होती, ते मला दिसलं नाही. मी मशीनवर होते, आणि माझ्यासारख्यांना दिसत कमी असतं, राहतं जास्त.

भाचीने दोघांचं भांडण अर्धा तास ऐकून घेतलं. मग तिने तुकडा हातात धरला. "मला एवढंच सांगा, आता हा कसा जोडू? सरळ की उलटा?"

"उलटा," दोघे म्हणाले. एकाच वेळी, एकाच मात्रेवर.

अडतीस वर्षांत पहिल्यांदा दोघे तालात एकत्र आले होते, आणि मास्तरांनी सवयीने बोटांवर मोजून पाहिलं. बरोबर होतं.

तुकडा ४३ →

मित्रांनो, आता मी थंड, कोरड्या खोलीत असते. खोक्यावर माझं खरं नाव आहे. सत्तावीस नंबर उलटाच आहे, पण त्याच्या पाठीवर भाचीने दोन बाण काढलेत, एक लोकांसाठी आणि एक घरच्यांसाठी. सरळ वाजणाऱ्या अकरा सेकंदांची एक प्रत बहिणीकडे आहे. दाजी ती रोज ऐकतात असं ती सांगते. मास्तर आले की आवाज वाढवून ऐकतात.

तुमच्या घरात अशी एखादी जुनी टेप असेल, तर तिला नळाखाली, रंगाच्या डब्यांशेजारी ठेवू नका. लोहचुंबक जवळ आणू नका. खोक्यावर नाव खरं लिहा. आणि कुणी चांगलं वाजवलं तर तो पंखा आणायला जाण्यापूर्वी त्याला सांगून टाका. दरवेळी माईक चालू असेलच असं नाही.

राहता राहिला पंख्याचा रंग. दर आठवड्याला दोघे त्यावरून भांडतात, फोनवरही भांडतात, परवा तर भांडण अर्धं राहिलं म्हणून मास्तर दाजींकडे मुक्कामाला गेले. तो रंग खरं तर मला माहीत आहे. त्या पंख्याने मला उडवलं होतं, मी त्याला अगदी जवळून पाहिलंय. सांगितला तर वाद लगेच मिटेल.

म्हणूनच नाही सांगणार.

आता पुढे पुन्हा पांढरी पट्टी आहे.